आपत्काळ आणि वैद्याची पूर्वतयारी

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारीप्रमाणेच आपल्या जिल्ह्यातील सास्तूरही उद्ध्वस्त झाले. दगडमातीच्या भिंती व माळवदांचा भार निद्रिस्तांवर कोसळला.

म्हणून आम्ही सुचवितो की, प्रत्येक रुग्णकुटुंबाने दाराजवळ एक पिशवी सिद्ध ठेवावी. तीत नित्याची औषधे सात दिवसांपुरती, चिठ्ठीची प्रत, जलसंजीवनी, स्वच्छ पट्ट्या व पाणी असावे. विजेरी व शिटी मात्र उशाशी. दर ऋतुसंधीस औषधांची मुदत वैद्यांनी तपासून द्यावी.

औषधालयात आसवारिष्टांच्या बाटल्या खालच्या फळीवर ठेवाव्यात व मांडण्या भिंतीस जखडाव्यात. जखमेवर माती लावू देऊ नये. अस्थिभंग, अतिरक्तस्राव किंवा ढिगाऱ्याखाली दबलेला रुग्ण बरा दिसला तरी तत्काळ रुग्णालयात पाठवावा; आपल्या मर्यादा जाणणे हेही वैद्यकर्मच होय.