पिकाचा फोटो पाठवा, पण निदान होईल असा

पूर्वी पिकावर रोग-कीड दिसली की शेतकरी रोगट पान कागदात गुंडाळून विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात घेऊन येत असत. आज तेच काम स्मार्टफोनवरील फोटो करतो. यामुळे वेळ व प्रवासखर्च वाचतो हे खरे. परंतु आलेल्या फोटोंपैकी अनेकांवरून निदान करता येत नाही. "पान पिवळे पडले, काय फवारू?" एवढ्या मजकुरासह एका पानाचा अस्पष्ट फोटो आला, तर दिलेला सल्ला अंदाजाचाच ठरतो. चुकीच्या सल्ल्याने औषधाचा खर्च वाया जातो व उपायाची योग्य वेळही निघून जाते.

एक पान पुरेसे का नाही?

सोयाबीनचे उदाहरण घ्या. शेंड्याकडील नवी पाने पिवळी व शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता संभवते. चुनखडीयुक्त जमिनीत किंवा वापसा नसताना हे विशेष दिसते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील, तर नत्राची कमतरता असू शकते. पानांवर पिवळे-हिरवे अनियमित चट्टे असतील, तर पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग असू शकतो. त्याचा प्रसार पांढऱ्या माशीमार्फत होतो. त्यावर खत देऊन उपयोग नाही. रोगट झाडे उपटून नष्ट करणे व पांढरी माशी आटोक्यात ठेवणे हाच मार्ग. तिन्ही फोटोंत पान पिवळेच, परंतु उपाय तीन. पान झाडाच्या कोणत्या भागावरचे, हे फोटोत दिसले तरच फरक कळतो.

फोटो कसे घ्यावेत?

प्रत्येक तक्रारीसाठी पुढील चार फोटो घ्यावेत.

१. शेताचा फोटो : नुकसान ठिकठिकाणी आहे, बांधाच्या कडेने आहे की सर्वत्र, हे यावरून समजते. कपाशीची पाने लांबट, भेंडीच्या पानासारखी झाली असतील, तर शेजारच्या शेतातून उडून आलेले २,४-डी हे तणनाशक कारणीभूत असू शकते. अशा वेळी बांधालगतचा फोटो फार उपयोगी पडतो.

२. पूर्ण झाडाचा फोटो : शक्य असल्यास शेजारचे निरोगी झाडही त्यात घ्यावे.

३. रोगट भागाचा जवळून फोटो : पान तळहातावर किंवा पांढऱ्या कागदावर ठेवावे. आकार कळण्यासाठी शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे. पानाची खालची बाजूही अवश्य टिपावी. पांढरी माशी, कोळी बहुधा तेथेच सापडतात.

४. न दिसणाऱ्या भागाचा फोटो : तुरीचे झाड वाळत असल्यास ते उपटून मुळे दाखवावीत व खोड उभे चिरावे. आत तपकिरी-काळपट पट्टे दिसल्यास मर रोगाचा संशय बळावतो. मक्याच्या पोंग्यात अळी आढळल्यास तिच्या डोक्याचा व शेपटीकडील भागाचा फोटो घ्यावा. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण व शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके, ही २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीची ओळख आहे.

फोटो शक्यतो सकाळच्या उजेडात घ्यावा. भिंग मऊ कापडाने पुसावे. झूम करण्याऐवजी फोन जवळ न्यावा व पडद्यावर रोगट भागाला बोट लावून फोटो स्पष्ट झाल्याची खात्री करावी. वाऱ्याने पान हलत असल्यास ते हाताने धरावे.

व्हिडिओ फक्त हालचाल किंवा आवाज दाखवायचा असेल तेव्हाच घ्यावा, उदा. पंपाचा आवाज किंवा ठिबकच्या तोटीतून पडणारे पाणी. वीस-तीस सेकंद पुरेत. पानावरील ठिपक्यांसाठी स्थिर फोटोच चांगला.

सोबत काय लिहावे?

पीक व वाण, पेरणीची तारीख, जमिनीचा प्रकार, अलीकडचा पाऊस किंवा दिलेले पाणी, लक्षणे प्रथम कधी दिसली आणि आधी काय फवारले, हे चार ओळींत लिहावे. फवारलेल्या औषधाच्या लेबलचा फोटो जोडल्यास नाव लिहिण्यात चूक होत नाही.

कसे पाठवावे?

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठविला की त्याचा आकार कमी होतो व बारीक तपशील पुसट होतात. फोटोत साठविलेली तारीख व ठिकाणाची नोंदही निघून जाते. म्हणून तज्ज्ञास फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. त्यात मूळ फोटो जसाच्या तसा जातो. नुकसानीचे मूळ फोटो काम पूर्ण होईपर्यंत फोनमधून काढून टाकू नयेत. ई-पीक पाहणीसाठी मात्र जुना फोटो चालत नाही. शेतात उभे राहून ॲपमधूनच फोटो घ्यावा लागतो.

गटावर पाठविताना घ्यावयाची काळजी

- आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा यांचे फोटो गावाच्या किंवा पिकाच्या गटावर कधीही टाकू नयेत. कार्यालयास आवश्यक असल्यास फक्त संबंधित व्यक्तीस पाठवावेत. केवळ ओळख पटवायची असेल, तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत वापरावी.
- मूळ फोटोत शेताचे किंवा घराचे ठिकाण नोंदलेले असू शकते. तो अनोळखी व्यक्तीस 'डॉक्युमेंट' म्हणून देऊ नये.
- गारपीट, टोळधाड, बाजारभाव यांचे व्हिडिओ पुढे पाठविण्यापूर्वी तारीख व ठिकाण विचारावे. जुना व्हिडिओ पाहून घाईने माल विकल्यास नुकसान आपलेच होते.
- औषधाच्या बाटलीचा फोटो व "हमखास गुण" एवढ्यावर फवारणी करू नये. त्या पिकासाठी व किडीसाठी शिफारस आहे का, मात्रा किती व काढणीपूर्वी किती दिवस थांबावे, हे लेबलवर पाहावे.
- तज्ज्ञाचा सल्ला पुढे पाठविताना मूळ प्रश्न व फोटोही सोबत ठेवावा. एका शेताचा उपाय दुसऱ्या शेतास लागू पडेलच असे नाही.

चार फोटो घेण्यास व चार ओळी लिहिण्यास दहा मिनिटे लागतात. एक अनावश्यक फवारणी वाचली, तरी ही दहा मिनिटे सत्कारणी लागली असे समजावे. फोटोवरूनही निदान होत नसेल, तर रोगट झाड मुळासकट घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे.