कॅमेऱ्याचं फर्मवेअर बदलताना

मोहगावच्या बाजारातलं दुकान असो की पांढुर्ण्यातलं गोदाम, कॅमेरा आणि डीव्हीआर हे छोटे संगणकच. २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने मूळ पासवर्ड तसाच ठेवलेली अशी असंख्य यंत्रं ताब्यात घेतली. २०२१ मध्ये हिकव्हिजन कंपनीच्या अनेक कॅमेऱ्यांत पासवर्डशिवाय शिरता येईल अशी फट सापडली. ती नव्या फर्मवेअरने, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरने, बुजवली गेली. म्हणून फर्मवेअर अद्ययावत ठेवा; ते बदलताना हे पाळा.

आधी
• मॉडेल क्रमांक आणि सध्याची आवृत्ती लिहून ठेवा. तंतोतंत जुळणारी फाईल कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.
• महत्त्वाचं रेकॉर्डिंग आणि सेटिंग्ज पेन ड्राइव्हवर उतरवा.

करताना
• यंत्र यूपीएसवर ठेवा. मध्येच वीज गेली तर ते कायमचं बंद पडू शकतं.
• वायफायऐवजी केबल वापरा.
• कॅमेरे अनेक असतील तर आधी एकावर करून पाहा.
• यंत्र स्वतःहून पुन्हा सुरू होईपर्यंत स्विचला हात लावू नका.

नंतर
• तारीख-वेळ तपासा आणि रेकॉर्डिंग चालवून पाहा.
• पासवर्ड बदला. तंत्रज्ञाने लावून दिलेला ठेवू नका.
• राउटरवरचं अनावश्यक पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट यंत्रापर्यंत येणारी वाट) बंद करा.

कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल, तर ते यंत्र इंटरनेटपासून तोडा किंवा बदला.