शॉकअपमधली हवा घरच्या घरी

भारतीय रस्त्यांवरच्या बहुतेक मोटारसायकलींना स्प्रिंगचे शॉकअप असतात. हवेचे मागचे शॉकअप मुख्यतः परदेशी बनावटीच्या जड टूरिंग गाड्यांवर दिसतात. हवा भरण्याचा व्हॉल्व्ह टायरसारखाच, पण पोकळी अगदी लहान. त्यामुळे पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर लावू नये. क्षणात दाब वाढून सील फाटते. गेज असलेला हातपंप हवा. पंपाची नळी काढतानाही थोडी हवा निसटते, हे हिशेबात धरावे.

काम इंजिन आणि शॉकअप थंड असताना, सकाळी करावे. झाशीत तर हे आवर्जून पाळावे, कारण इथला उन्हाळा 45 अंशांवर जातो. 20 अंशांना 25 पीएसआय भरलेली हवा 45 अंशांना साधारण 28 दाखवते, म्हणजे थंडीत बसवलेला दाब मे महिन्यात आपोआप कडक होतो.

आधी मागचे चाक अधांतरी ठेवून आस ते सीटखालची एखादी खूण हे अंतर मोजावे, मग चालवणारा बसल्यावर पुन्हा. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. जास्त बसत असेल तर दोन-तीन पीएसआय वाढवावेत. मागे माणूस आणि सामान घेऊन ओरछ्याला निघायचे तर आणखी थोडे. मात्र कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. व्हॉल्व्हपाशी तेल दिसले तर आतले सील गेले, हवा भरून उपयोग नाही.

नायट्रोजनचे सीलबंद डबे असलेले शॉकअप निराळे. ते घरी उघडूच नयेत. तिथे हूक पान्याने स्प्रिंगचा ताण बदलता येतो.