जमीन जागेवरच, नाव बदलतं

रेल्वेने वैजापूरला जायचं तर उतरायचं रोटेगावला. तिथल्या फलाटावर फोनच्या ब्राउझरमध्ये नकाशा उघडा आणि बोटाने सरकवत दक्षिणेला गोदावरीपर्यंत या. रस्ते, ओढे, शिवार सगळं बोटामागे धावत येतं. कधी मात्र पान थिजतं. आपण बोट घासत राहतो, नकाशा ढिम्म. मग आपण रेंजला शिव्या घालतो, पण दर वेळी रेंज दोषी नसते.

पानाचा कारभार मुळात एकाच धाग्यावर चालतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत दहा दिवसांत पानाची भाषा जावास्क्रिप्ट हिचा पहिला नमुना उभा केला, तेव्हा तिच्याकडून किरकोळ कामांचीच अपेक्षा होती. आज तोच धागा बोटाची हालचाल ऐकतो, हिशेब करतो आणि पडदा रंगवायची तयारीही करतो. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्रामागे हाताशी जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद. एखादा हिशेब दोनशे मिलिसेकंद रेंगाळला की बारा चित्रं बुडाली.

त्यावरची तोड म्हणजे वर्कर: पडद्यामागे वेगळ्या धाग्यावर राबणारा गडी. फायरफॉक्समध्ये तो २००९ साली आला. त्याला पानावरच्या बटणाला हात लावता येत नाही की पानाच्या स्मृतीत डोकावता येत नाही. दोघांत फक्त निरोप चालतात. गडी ठेवणं सोपं आहे. मेख आहे ती त्याच्या हाती माल कसा सोपवायचा यात. आणि ही मेख सातबाऱ्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला इंजिनिअरपेक्षा लवकर कळेल, असं मला वाटतं.

पहिली रीत नकलेची. पानाने निरोप धाडला की ब्राउझर आतल्या माहितीची हुबेहूब प्रत काढतो आणि ती वर्करला देतो. सातबाऱ्याच्या नकलेवर तुम्ही काहीही खरडा, मूळ दप्तरात फरक पडत नाही, तसंच इथे. आकडे, याद्या, तारखा, एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी, सगळ्यांची नक्कल निघते. फंक्शनची मात्र निघत नाही. ब्राउझर सरळ चूक दाखवून थांबतो. शेताची नोंद कागदावर उतरते, ते कसायची हातोटी उतरत नाही. रोजच्या बहुतेक कामांना ही रीत पुरते. अडचण येते दप्तर जाड झाल्यावर, कारण प्रत काढायलाही वेळ लागतो आणि तेवढी स्मृती दुसऱ्यांदा अडते.

दुसरी रीत खरेदीखताची, आणि मला तीच सगळ्यात देखणी वाटते. शेत विकलं म्हणून कोणी माती उचलून नेत नाही. खरेदीखत होतं, फेरफार पडतो, जुन्या मालकाच्या नावाला कंस होतो. जमीन जागेवरच. अगदी तसंच बाइट्सच्या मोठ्या गठ्ठ्याचं करता येतं: गठ्ठा स्मृतीत आहे तिथेच राहतो, बदलतो फक्त मालक. २०११ साली गूगलच्या क्रोमवर झालेल्या एका चाचणीत ३२ एमबीचा गठ्ठा वर्करकडे धाडून परत आणायला नकलेच्या रीतीने सुमारे ३०० मिलिसेकंद लागले, हस्तांतराने सातच्या आत. पण कंस झाला म्हणजे झाला. पानाने त्यानंतर आपल्याच गठ्ठ्याची लांबी विचारली तर उत्तर येतं शून्य. विकलेल्या शेतात नांगर घालायला जाणारे प्रोग्रॅमर मी पाहिले आहेत. त्यांत एकदा मीही होतो.

फलाटावर उघडलेला तो नकाशा मॅपलिब्रे या नकाशे दाखवणाऱ्या लायब्ररीवर चालणारा असेल, तर आत हेच घडत असतं. नकाशाचे चौकोनी तुकडे वर्कर उलगडतो, रस्ते आणि नद्या यांचे त्रिकोण पाडतो, आणि तयार गठ्ठे पानाच्या नावावर करून देतो. पानाने ते ग्राफिक्स चिपकडे सरकवायचे, एवढंच.

तिसरी रीत सामाईक विहिरीची. एकच स्मृती, पान आणि वर्कर दोघांचाही तिच्यावर हक्क. देवघेवच नको, म्हणून सगळ्यात वेगवान. आणि भांडणाचं मूळही तीच. मोजणीत ४१ आहे असं दोघांनी एकाच क्षणी वाचलं, दोघांनी एक मिळवून ४२ लिहिलं, की ४३ कायमचे हरवले. त्यासाठी पाळी लावावी लागते. जावास्क्रिप्टमध्ये ती ॲटॉमिक्स लावतं. नांदूर मधमेश्वरच्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या वैजापूर तालुक्याला पाळी मोडल्यावर काय होतं ते सांगायला नको. गंमत म्हणजे, पाळीची वाट बघत थांबून राहायची मुभा ब्राउझरने फक्त वर्करला दिली आहे. पानाचा मुख्य धागा थांबला तर पुन्हा तेच, पान थिजणार.

ही विहीर एकदा चक्क बुजवावी लागली. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधला स्पेक्टर हा दोष जाहीर झाला. एका वर्करने सामाईक स्मृतीत सतत आकडा वाढवत राहायचं, की झालं अतिसूक्ष्म घड्याळ तयार! त्या घड्याळाने स्मृतीतून उत्तर किती वेगाने येतं ते मोजून दुसऱ्याची गुपितं ताडता येत होती. ब्राउझरवाल्यांनी काही दिवसांतच ती सोय बंद केली. ती पुढे परतली, पण अट घालून: आधी पानाने आपल्या हद्दी कायम करायच्या, म्हणजे परक्या संकेतस्थळांपासून स्वतःला वेगळं काढल्याचं सर्व्हरकडून लेखी कळवायचं. २०२० मध्ये फायरफॉक्सने आणि २०२१ मध्ये डेस्कटॉपवरच्या क्रोमने हा नियम लागू केला.

वैजापूरहून संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकायला जाणाऱ्या मुलांनी मला विचारलं तर मी म्हणेन, नकलेपासून सुरू करा. वेळ मोजा. चित्रं बुडत असतील तर खरेदीखत करा. आणि दोघांना एकाच वेळी त्याच आकड्यांवर काम करावं लागत नसेल, तर त्या विहिरीच्या वाट्याला जाऊ नका.