'द स्कार्लेट लेटर' आणि तुळजापूरची 'तारा' : पाप, लज्जा आणि समाजदृष्टी यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

नॅथॅनिएल हॉथॉर्न (१८०४-१८६४) या अमेरिकन कादंबरीकाराची 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी मार्च १८५० मध्ये बोस्टन येथे प्रकाशित झाली. सतराव्या शतकातील प्युरिटन समाजात पाप आणि लज्जा यांचे स्वरूप काय होते, याचे चित्रण तिच्यात आहे. त्यानंतर तेरा वर्षांनी, १८६३ मध्ये, फिलिप मेडोज टेलर या इंग्रज लेखकाची 'तारा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरची एक बालविधवा आहे. दोन्ही लेखकांनी आपल्या काळाच्या सुमारे दोनशे वर्षे मागे जाऊन कथानक रचले आणि दोघांनीही समाजाच्या नजरेखाली जगणारी एक स्त्री केंद्रस्थानी ठेवली. प्रस्तुत लेखात या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून, दोषाचे चिन्ह कोणाच्या अंगावर दिसते आणि कोणाचे झाकले जाते, या प्रश्नाचा विचार केला आहे.

'द स्कार्लेट लेटर'ची पार्श्वभूमी

कादंबरीचा काळ १६४२ ते १६४९ हा असून स्थळ बोस्टन आहे. इंग्लंडमधून आलेल्या प्युरिटन लोकांनी येथे धर्माज्ञेवर आधारलेली वसाहत उभारली होती. त्यांच्या व्यवस्थेत पाप आणि गुन्हा यांत फारसे अंतर नव्हते. १६४१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या संहितेत व्यभिचारास देहदंड सांगितलेला होता आणि १६४४ मध्ये मेरी लॅथम व जेम्स ब्रिटन यांना तो प्रत्यक्षात देण्यात आला. शेजारच्या प्लिमथ वसाहतीच्या १६५८ च्या कायद्याने अशा अपराध्यांच्या कपड्यांवर अक्षरे शिवण्याची शिक्षा ठरवली. म्हणजेच हॉथॉर्नने वर्णिलेले अक्षर हे केवळ कल्पनेचे अपत्य नव्हे. लेखकाचा एक पूर्वज, जॉन हॅथॉर्न, १६९२ च्या सेलम येथील चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होता. या वारशाची बोच लेखकाच्या मनात होती, हे कादंबरीच्या प्रास्ताविकावरून दिसते.

नायिका हेस्टर प्रिन हिला पतीच्या गैरहजेरीत मूल होते. तिला देहदंड दिला जात नाही. काही काळ वधस्तंभाच्या चौथऱ्यावर सर्वांसमक्ष उभे राहणे आणि आयुष्यभर छातीवर 'ए' हे लाल अक्षर बाळगणे, ही तिची शिक्षा. मुलीच्या पित्याचे नाव सांगण्यास ती ठाम नकार देते. तो पिता म्हणजे गावाचा आदरणीय धर्मोपदेशक आर्थर डिम्सडेल. हेस्टरचा पती रॉजर चिलिंगवर्थ हे नाव धारण करून वैद्य म्हणून गावात राहतो आणि डिम्सडेलच्या मनाची हळूहळू चिरफाड करतो.

चौथरा हे कादंबरीचे रचनासूत्र आहे. आरंभी दिवसाढवळ्या हेस्टर त्यावर उभी असते. मध्यभागी, बाराव्या प्रकरणात, डिम्सडेल रात्रीच्या अंधारात तेथे जातो. त्याला कबुली द्यायची असते, पण पाहणारे कोणी नको असतात. शेवटी तो भर समुदायासमोर त्याच चौथऱ्यावर चढतो, आपले नाते उघड करतो आणि तेथेच प्राण सोडतो. या तीन प्रसंगांमधून लेखक पाप आणि लज्जा यांतील भेद स्पष्ट करतो. पापाची टोचणी मनात असते. लज्जा दुसऱ्याच्या नजरेतून येते. हेस्टरच्या वाट्याला लज्जा उघडपणे येते, म्हणून ती तिच्यातून वाट काढू शकते. शिवणकामावर ती पोट भरते, आजाऱ्यांची शुश्रूषा करते आणि हळूहळू लोक त्या अक्षराचा अर्थच बदलतात. डिम्सडेलची प्रतिष्ठा अबाधित राहते, पण लपवलेले पाप त्याला आतून पोखरते.

तुळजापूरची 'तारा'

१८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग जिल्हाही इंग्रजांच्या ताब्यात दिला. तो १८६० मध्ये परत निजामाकडे गेला. या अवधीच्या पूर्वार्धात, १८५७ पर्यंत, मेडोज टेलर या जिल्ह्याचा कारभार पाहत होता. त्यामुळे नळदुर्ग व तुळजापूरचा परिसर, तेथील देवस्थान आणि लोकजीवन त्याच्या परिचयाचे होते. या परिचयातून 'तारा' साकारली. १६५७, १७५७ आणि १८५७ या तीन वर्षांभोवती गुंफलेल्या कादंबरीत्रयीतील ही पहिली कादंबरी होय. अफजलखानाची मोहीम हा तिचा ऐतिहासिक आधार असून, योजनेच्या सोयीसाठी टेलरने नोव्हेंबर १६५९ मधील प्रतापगडचा प्रसंग दोन वर्षे अलीकडे ओढला आहे.

तारा ही तुळजापूरच्या व्यासशास्त्री यांची कन्या. संसार सुरू होण्यापूर्वीच तिला वैधव्य आलेले आहे. ती देवीच्या सेवेला स्वतःस वाहून घेते आणि मुरळी म्हणून ओळखली जाते. मोरो त्रिमल हा पुरुष तिच्या या स्थितीचा फायदा घेऊ पाहतो. पुढे युद्धाच्या धुमश्चक्रीत ती अफजलखानाच्या कुटुंबाच्या आश्रयाला येते, सतीच्या चितेपर्यंत पोहोचते आणि अखेर खानाचा पुत्र फाजील तिला वाचवून तिच्याशी विवाह करतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मुरळी ही परंपरा महाराष्ट्रात मुख्यतः खंडोबाच्या उपासनेशी निगडित आहे. तुळजाभवानीच्या उपासनेत आराधी ही परंपरा प्रचलित आहे. टेलरने हा शब्द देवीच्या सेविकेसाठी वापरला. शिवाय परधर्मीय तारणहाराच्या हातून हिंदू विधवेची सुटका, या रचनेत राज्यकर्त्यांच्या दृष्टीचा अंश आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

साम्य आणि भेद

हेस्टरने आपल्या समाजाच्या दृष्टीने नियमभंग केलेला आहे. ताराने काहीच केलेले नाही. तिचा 'दोष' म्हणजे पतीचा मृत्यू. हेस्टरला अक्षर न्यायसभेने दिले. विधवेला मात्र ते देण्यासाठी कोणतीही सभा भरत नसे. पुसलेले कुंकू, काढलेले मंगळसूत्र आणि उच्चवर्णीयांत केशवपन ही चिन्हे रूढीनेच तिच्या अंगावर येत. प्युरिटन शिक्षेत निदान आरोप, चौकशी आणि निकाल होता. रूढीच्या शिक्षेत अपिलाला जागाच नव्हती.

चिन्हाचा अर्थ मात्र कायमचा ठरलेला नसतो, हेही दोन्हीकडे दिसते. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील कवड्यांची माळ हे अंगावरचेच चिन्ह आहे. पण समाज त्यापुढे हात जोडतो. हेस्टरचे अक्षरही अखेरीस आदराचे होते. ती परदेशातून बोस्टनला परतते आणि कोणी भाग पाडलेले नसताना ते पुन्हा धारण करते; दुःखी स्त्रिया सल्ल्यासाठी तिच्या दारी येतात.

मराठी समाजातील प्रत्यक्ष प्रश्न

डिम्सडेलचा प्रश्न, म्हणजे पुरुषाचे झाकलेले पाप, मराठीत ललित वाङ्मयापेक्षा निबंधातून अधिक धारदारपणे मांडला गेला. १८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी या विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणावरून वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर झालेल्या टीकेला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. जे दुर्गुण स्त्रियांना चिकटवले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा मूळ सवाल होता. हेस्टरने मौन पाळून डिम्सडेलला वाचवले. ताराबाईंनी ते मौन मोडले.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू करून या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. विधवेने गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, अशी तेथे सोय होती. पित्याचे नाव विचारण्यासाठी बोस्टनमध्ये चौथरा उभारला गेला. पुण्यात मात्र आईवर नजर पडू नये म्हणून दार उघडे ठेवले गेले. लज्जेचा उपाय शिक्षेत नसून आसऱ्यात आहे, हे या गृहाने दाखवले. १८७४ मध्ये फुले दांपत्याने अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतले.

कायदा आणि नजर

भारतीय दंडसंहितेचे कलम ४९७ व्यभिचाराबद्दल केवळ पुरुषाला शिक्षा सांगत होते. विवाहित स्त्री त्यात अपराधी नव्हती. तरीही व्यवहारात बदनामी स्त्रीच्याच वाट्याला येत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवले. दुसरीकडे, वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला व तो जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. अपराध आता बहिष्कृताचा नसून बहिष्कार टाकणाऱ्याचा ठरला. चौथऱ्यावर कोणी उभे राहावे, याचे उत्तर कायद्याने बदलले आहे.

निष्कर्ष

'द स्कार्लेट लेटर' ही दूरदेशीची आणि दूरच्या काळाची कथा म्हणून शिकवली गेल्यास विद्यार्थ्याला ती परकी वाटते. 'पदराला डाग', 'तोंड काळे करणे', 'वाळीत टाकणे', 'लोक काय म्हणतील' हे शब्दप्रयोग ज्याच्या घरच्या भाषेत आहेत, त्या विद्यार्थ्याला हेस्टरचे अक्षर समजावून सांगण्यासाठी बोस्टनचा नकाशा पुरेसा नाही. तुळजापूरची तारा, बुलढाण्याच्या ताराबाई आणि पुण्याचे ते गृह यांच्या संदर्भात ही कादंबरी वाचली, तर वर्गात एक अवघड पण आवश्यक प्रश्न उभा राहतो. आपल्या गावात आज ते अक्षर कोणाच्या अंगावर आहे आणि ते शिवणारे हात कोणाचे आहेत? या प्रश्नापर्यंत विद्यार्थ्याला नेणे, हेच अशा अभिजात कृतीच्या अध्यापनाचे खरे प्रयोजन होय.