सबमिशन उद्या, लॅपटॉप लिनक्सवर आणि प्रिंटर म्हणतो ‘मी ओळखत नाही’

रात्रीचे साडेअकरा. सावेडीतली रूम. सकाळी दहाला ब्लॅक बुक जमा करायचंय. दिल्लीगेटपासून प्रोफेसर कॉलनीपर्यंत एकही झेरॉक्सचं दुकान उघडं नाही. रूम पार्टनरचा वायफाय प्रिंटर टेबलावर निवांत लुकलुकतोय आणि तुमच्या लॅपटॉपवरचा लिनक्स मिंट सांगतोय, प्रिंटर सापडला नाही. ओळखीचं वाटतंय ना?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि जुने लॅपटॉप फेकण्याऐवजी आपल्यातल्या अनेकांनी त्यावर उबंटू नाहीतर मिंट टाकलं. लॅपटॉप पळायला लागला, पण प्रिंटरपाशी घोडं अडलं. मग ‘लिनक्सवर प्रिंट निघतच नाही’ असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. खोटंय ते.

खरं तर तुमच्या लॅपटॉपमध्ये ‘कप्स’ नावाची छपाई यंत्रणा आधीच बसलेली असते. मायकेल स्वीट यांनी ती लिहिली, १९९९ मध्ये ती बाहेर आली आणि २००७ मध्ये ॲपलने तिचा सोर्स कोड विकत घेतला. म्हणजे महागड्या मॅकबुकवर आणि तुमच्या सेकंडहँड लॅपटॉपवर छपाईचं मूळ एकच. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं, त्यानंतरचे बरेचसे वायफाय प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. प्रिंटर नेटवर्कवर स्वतःच ओरडून सांगतो, ‘मी इथंय’, आणि लिनक्स ते ऐकतं.

मग ऐकू का येत नाही? बहुतेकदा दोष लिनक्सचा नसतोच, वायफायचा असतो. स्वस्तातले बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ ओळखतात. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर प्रिंटरला तो दिसणारच नाही. हॉस्टेलच्या वायफायवर आणखी एक गंमत असते. तिथं एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसू नये अशी सेटिंग अनेकदा केलेली असते. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे, पण तुमचा प्रिंटर बिचारा भिंतीपलीकडे राहतो. शिवाय लॉगिनचं पान उघडणारं वायफाय असेल तर प्रिंटर युजरनेम टाकणार कुठून? सरळ उपाय म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ वर करा आणि लॅपटॉप, प्रिंटर दोघांनाही त्यावर घ्या. स्क्रीन नसलेला प्रिंटर पहिल्यांदा जोडायला कंपनीचं मोबाइल ॲप वापरा. त्यात कमीपणा काही नाही.

तरीही दिसला नाही, तर प्रिंटरमधूनच नेटवर्कची माहिती देणारं पान छापून घ्या. त्यावर आयपी ॲड्रेस असतो, तो प्रिंटर सेटिंग्जमध्ये हाताने टाका. एचपी असेल तर ‘एचपीलिप’ हे पॅकेज लिनक्सच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. कुठल्या तरी साइटवरून ड्रायव्हर उतरवत बसू नका, मी बसले होते, एकाच प्रिंटरची तीन नावं यादीत आली आणि तिन्ही चालेनात.

आता आपल्याकडचा खास त्रास, लाईट! लाईट जाते, राउटर बंद-चालू होतो, प्रिंटरला नवा आयपी मिळतो आणि कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज गप्प. त्यातच अर्धवट राहिलेलं काम अडकलं की कप्स तो प्रिंटर थांबवून ठेवतं. तुम्ही दहादा प्रिंट दाबता, दहा कामं रांगेत उभी राहतात. अशा वेळी ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ६३१ असं टाका. कप्सचं पान उघडेल. अडकलेली कामं रद्द करा आणि ‘रिझ्यूम प्रिंटर’ दाबा. राउटर तुमच्या हातात असेल तर त्यात प्रिंटरचा आयपी कायमचा राखून ठेवा.

ब्लॅक बुकवाल्यांनी एक गोष्ट जरूर तपासा. लिनक्स बसवताना भाषा ‘इंग्लिश यूएस’ निवडली असेल तर कागद गुपचूप ‘लेटर’ साइजचा धरला जातो. आपला कागद ए४. मग समास सरकतो आणि बाइंडिंगमध्ये अक्षरं जातात. मराठी मजकूर असेल तर लिब्रे ऑफिसमधून आधी पीडीएफ करा. फाँट आतच बसतो, त्यामुळे दुकानात छापायची वेळ आली तरी वेलांट्या उडत नाहीत.

आणि हो, या सगळ्या खटपटीची सुरुवातही एका प्रिंटरनेच झाली होती. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या लॅबमध्ये झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. तो सारखा अडकायचा. रिचर्ड स्टॉलमनना त्याचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचं होतं, पण कोड मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने करारावर सही केली होती, त्यामुळे त्याने नाही म्हटलं. तो नकार स्टॉलमनना चांगलाच झोंबला. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि पुढे लिनक्स त्याच्याच जोडीने उभं राहिलं.

आमचं ब्लॅक बुक त्या रात्री दीड वाजता निघालं, एकशे चार पानं. एकशे पाचव्याला काळी शाई संपली.