सुटीतील भाडे-निवास, ब्रिटनमधील : वार्षिक विवरणे

पर्यटकांना काही दिवस वा आठवडे सामानसुमानासह भाड्याने दिल्या जाणाऱ्या घराच्या मालकाने शासनास दरवर्षी सादर करावयाची उत्पन्नविषयक व वापरविषयक माहिती. असे घर हे राहते घर, गुंतवणूक आणि व्यवसाय या तिहींच्या सीमेवर असते. मालक उन्हाळ्यात काही आठवडे तेथे स्वतः राहतो, एरवी ते अनोळखी प्रवाशांना देतो, साफसफाईची व चादरी बदलण्याची व्यवस्था पाहतो आणि घराची किंमत वाढेल अशी अपेक्षाही बाळगतो. अशा घराला कोणत्या वर्गात घालावयाचे, या प्रश्नाचे उत्तर ब्रिटिश कायद्याने बव्हंशी दिवसांच्या मोजणीत शोधले. त्यामुळे तेथील मालकाचे विवरण हा जितका जमाखर्च, तितकाच वर्षातील रात्रींचा हिशेब असतो.

ब्रिटिश प्राप्तिकर कायद्यात घरभाड्याचे उत्पन्न व व्यापाराचे उत्पन्न ही वेगळी मानली जातात. व्यापाऱ्यास उपलब्ध असणाऱ्या अनेक सवलती भाडे घेणाऱ्यास मिळत नाहीत. गिटॉस विरुद्ध बार्कले (१९८२) व ग्रिफिथ्स विरुद्ध जॅक्सन (१९८३) या खटल्यांत सामानासह जागा भाड्याने देणे हा व्यापार ठरत नाही, असा निर्णय झाला. त्यानंतर संसदेने १९८४ च्या वित्त अधिनियमाद्वारे ‘सुसज्ज सुटी-निवास’ असा एक खास वर्ग निर्माण केला व तो १९८२-८३ या करवर्षापासून पूर्वलक्षी परिणामाने लागू केला. या वर्गातील घराचे उत्पन्न भाड्याचेच राहिले. मात्र त्यास व्यापारासारखी वागणूक मिळू लागली. सामानावरील भांडवली भत्ते, कर्जावरील व्याजाची पूर्ण वजावट, निवृत्तिवेतन निधीतील अंशदानासाठी उत्पन्नाची गणना आणि घर विकताना भांडवली लाभ कराचा कमी दर, हे त्याचे प्रमुख फायदे होत.

हा वर्ग मिळविण्यासाठी घर वर्षातून किमान १४० दिवस भाड्यासाठी उपलब्ध असणे व त्यांपैकी ७० दिवस प्रत्यक्ष भाड्याने जाणे आवश्यक होते. एप्रिल २०१२ पासून हे आकडे अनुक्रमे २१० व १०५ झाले. एकाच भाडेकरूचा सलग ३१ दिवसांहून अधिक काळाचा मुक्काम १०५ दिवसांत धरला जात नसे आणि अशा दीर्घ मुक्कामांची बेरीज १५५ दिवसांपुढे जाऊन चालत नसे. मालकाने स्वतः राहिलेले वा नातेवाइकांना फुकट दिलेले दिवसही भाड्याच्या दिवसांत येत नसत. उदा., एखादे घर ९८ रात्री प्रवाशांनी भरलेले व आणखी ९ रात्री मालकाच्या भावाने वापरलेले असेल, तर १०७ रात्री वापरात असूनही ते अपात्र ठरे. अनेक घरे असणाऱ्यास त्यांच्या दिवसांची सरासरी काढता येई. पूर्वी पात्र असलेले घर एखाद्या वर्षी कमी पडल्यास दोन वर्षांपर्यंत सूटही मागता येई. हे दोन्ही पर्याय मात्र ठरावीक मुदतीत लेखी कळवावे लागत आणि तेवढ्या एका कागदाच्या अभावी सवलत हातची जाऊ शके.

६ मार्च २०२४ च्या अर्थसंकल्पात हा वर्ग रद्द करण्याची घोषणा झाली व ६ एप्रिल २०२५ पासून (कंपन्यांच्या बाबतीत १ एप्रिलपासून) तो संपुष्टात आला. तेव्हापासून सुटी-निवासाचे उत्पन्न मालकाच्या अन्य घरभाड्यातच मिळविले जाते. व्यक्तिगत मालकास कर्जाच्या व्याजावर केवळ मूळ दराइतकीच करसूट मिळते. पतिपत्नींच्या संयुक्त मालकीच्या घराचे उत्पन्न पूर्वी त्यांना हवे तसे वाटून दाखविता येई. आता ते निम्मेनिम्मे धरले जाते. प्रत्यक्ष हिस्से वेगळे असल्यास तसे स्वतंत्र प्रपत्रात घोषित करावे लागते. प्राप्तिकरापुरती दिवसांची मोजणी येथे थांबली. स्थानिक करांसाठी ती चालूच आहे.

ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपते. नव्याने भाडे मिळू लागलेल्या व करपात्र झालेल्या मालकाने करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत महसूल व सीमाशुल्क खात्यास तसे कळवावयाचे असते. कागदी विवरणपत्राची मुदत ३१ ऑक्टोबर, तर संगणकीय विवरणपत्राची व कर भरण्याची ३१ जानेवारी ही आहे. वर्षाचे एकूण भाडे १,००० पौंडांहून अधिक नसेल, तर त्यावर सामान्यतः कर नसतो. विवरणपत्रात दलालीपूर्वीचे संपूर्ण भाडे दाखवून दलाली खर्चात टाकावयाची असते. बँकेत जमा झालेली निव्वळ रक्कमच भाडे म्हणून लिहिणे हा या विवरणांतील सहज होणारा दोष होय. नेहमीच्या वार्षिक पद्धतीत विलंब झाल्यास प्रथम १०० पौंड दंड होतो. तीन महिन्यांनंतर दररोज १० पौंड याप्रमाणे ९०० पौंडांपर्यंत आणि सहा व बारा महिन्यांनी प्रत्येकी ३०० पौंड किंवा देय कराच्या पाच टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती आकारली जाते. हिशेबाचे कागद ३१ जानेवारीच्या मुदतीनंतर किमान पाच वर्षे जपावे लागतात.

हे वार्षिक विवरणही आता तिमाहीत विभागले जात आहे. स्वयंरोजगार व घरभाडे यांची खर्च वजा जाण्यापूर्वीची एकत्रित प्राप्ती ५०,००० पौंडांहून अधिक असणाऱ्या मालकांना ६ एप्रिल २०२६ पासून संगणकीय नोंदी ठेवून तिमाही गोषवारा पाठविण्याचे बंधन घालण्यात आले. ही मर्यादा २०२७ मध्ये ३०,००० व २०२८ मध्ये २०,००० पौंडांवर आणण्याचे ठरले आहे. गोषवाऱ्याच्या मुदती ७ ऑगस्ट, ७ नोव्हेंबर, ७ फेब्रुवारी व ७ मे या असून अंतिम घोषणा पूर्ववत ३१ जानेवारीपर्यंत करावयाची असते.

स्थानिक करांच्या बाबतीत प्रश्न केवळ मालकाच्या खिशाचा राहत नाही. घर निवासी मानले तर कौन्सिल टॅक्स पडतो व व्यावसायिक मानले तर बिझनेस रेट्स लागू होतात. परंतु इंग्लंडमध्ये १२,००० पौंडांपर्यंत करमूल्य असलेल्या एकमेव व्यावसायिक मालमत्तेस पूर्ण सूट मिळत असल्याने काही मालक दोन्ही करांतून सुटत. १ एप्रिल २०२३ पूर्वी इंग्लंडमध्ये घर १४० दिवस उपलब्ध ठेवण्याचा इरादा दाखविणे पुरेसे असे. त्या तारखेपासून १४० दिवसांची उपलब्धता व ७० रात्रींचे प्रत्यक्ष भाडे यांचा पुरावा आवश्यक झाला. वेल्समध्ये त्याच दिवशी २५२ व १८२ दिवसांची कितीतरी कठोर अट घालण्यात आली आणि दुय्यम घरांवर मूळ कराच्या ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावण्याची मुभा स्थानिक परिषदांना मिळाली. समुद्रकाठच्या व डोंगराळ गावांतील घरे सुटीपुरती उघडी राहिल्याने स्थानिक तरुणांना, विशेषतः वेल्श भाषकांच्या वस्त्यांत, राहण्यास जागा मिळत नाही, ही तक्रार या कठोरपणामागे होती. तिच्यात तथ्य आहे. तथापि हिवाळ्यात पर्यटक फिरकत नाहीत अशा आडगावी १८२ रात्री भरणे प्रामाणिक व्यावसायिकासही अवघड जाते, हा मालकांचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. दोन-चार रात्रींच्या फरकाने घर अधिभाराच्या कक्षेत जाऊ शकत असल्याने आरक्षणांची नोंदवही व पावत्या यांना येथे जमाखर्चाइतकेच महत्त्व येते.

मालकाने न कळविलेली माहितीही आता अन्य मार्गाने खात्यापर्यंत पोहोचते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०२० मध्ये तयार केलेल्या आदर्श नियमांच्या आधारे ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून आरक्षण करून देणाऱ्या संगणकीय मंचांवर वार्षिक अहवालाचे बंधन घातले. पहिल्या अहवालांची मुदत ३१ जानेवारी २०२५ ही होती. घराचा पत्ता, मालकाची ओळख, तिमाहीवार रक्कम व कापलेले शुल्क हा तपशील त्यांत असतो आणि त्याची प्रत मालकासही द्यावी लागते. मंचाचा अहवाल जानेवारी ते डिसेंबर या कॅलेंडर वर्षाचा, तर विवरणपत्र करवर्षाचे; म्हणून दोहोंतील आकडे जुळत नाहीत व तफावतीचा खुलासा करण्यासाठी मालकास आपला हिशेब महिनेवार ठेवणे सोयीचे ठरते.

मालक परदेशी राहत असेल, तर भाडे गोळा करणारा ब्रिटनमधील प्रतिनिधी त्यातून मूळ दराने कर कापून घेतो व ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचा अहवाल ५ जुलैपर्यंत खात्यास सादर करतो. खात्याची पूर्वसंमती मिळविल्यास भाडे न कापता मिळू शकते. विवरणपत्राचे दायित्व मात्र त्यामुळे टळत नाही. ब्रिटनमध्ये घर ठेवून महाराष्ट्रात परतलेल्या व भारतात सामान्यतः निवासी ठरलेल्या व्यक्तीस तेच घर भारतीय प्राप्तिकर विवरणपत्राच्या विदेशी मालमत्तेविषयक परिशिष्टातही दाखवावे लागते. भारताचे वित्तीय वर्ष १ एप्रिलला सुरू होते व ब्रिटिश करवर्ष त्यानंतर पाच दिवसांनी. या पाच दिवसांत जमा झालेले भाडे दोन देशांत दोन निरनिराळ्या वर्षांचे ठरते.